ठोक्याची कुळकथा

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याला वेळ आपसूक कळत नाही. हार्डवेअरमधला टायमर ठरावीक अंतराने प्रोसेसरचे काम थांबवतो (याला ‘इंटरप्ट’ म्हणतात), कर्नल मोजणीचा आकडा एकाने वाढवतो आणि अडलेले काम पुढे चालू होते. या ठोक्याला ‘टिक’ म्हणतात. दोन टिकांच्या मधला काळ जुन्या कर्नलच्या टायमरांना दिसतच नसे.

हा ठोका किती वेगाने पडावा, हे सुरुवातीला कर्नल लिहिणाऱ्यांच्या हातात फारसे नव्हते. बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम ज्या पीडीपी-११ संगणकावर वाढली, त्याचे घड्याळ भिंतीतल्या विजेवर चाले. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, म्हणून टिकाही ६०. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये वेळ त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजलेली आहे. अशा मोजणीने ३२ बिटांचा आकडा सव्वादोन वर्षांतच भरतो. पुढे पूर्ण सेकंद मोजायची आणि १९७० पासून आरंभ धरायची पद्धत रूढ झाली.

१९८१ च्या आयबीएम पीसीच्या ठोक्याचे मूळ आणखी अनपेक्षित ठिकाणी सापडते. त्यातल्या १४.३१८१८ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची वारंवारता अमेरिकी रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताच्या बरोबर चौपट होती. टायमरला तिचा बारावा भाग मिळे. त्याला ६५,५३६ ने भागले की सेकंदाला सुमारे १८.२ टिका उरतात. पीसीवरच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमचे घड्याळ ५५ मिलिसेकंदांच्या ढेंगा टाकत चाले, त्याचे कारण हे.

१९९१ मध्ये आलेल्या लिनक्स या कर्नलने पीसीवर १०० हा सुटसुटीत आकडा घेतला आणि टिकांच्या मोजणीला ‘जिफीज’ हे नाव दिले. इंग्रजी बोलीत जिफी म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. सामान्य प्रोग्रॅमने एक मिलिसेकंद थांबायचे म्हटले, तरी त्याला दहा किंवा त्याहून जास्त थांबावे लागे. शिवाय ३२ बिटांची जिफीज ४९७ दिवसांनी शून्यावर येत, आणि इतक्या दिवसांनी उगवणारी चूक शोधणार कोण? त्यावरचा उपाय मोठा खट्याळ होता: मोजणी शून्याऐवजी आकडा भरायला पाच मिनिटे उरलेली असताना सुरू करायची. म्हणजे संगणक चालू केल्यावर पाच मिनिटांतच चूक चव्हाट्यावर येते.

लिनक्सच्या २.६ आवृत्तीत टिका १००० झाल्या. बारकाई वाढली, पण रिकामा बसलेला प्रोसेसरही सेकंदाला हजारदा जागा होऊ लागला आणि लॅपटॉपची बॅटरी खाऊ लागला. २००५ मध्ये तडजोड म्हणून २५० हा आकडा आला. पुढे ३०० चाही पर्याय मिळाला, कारण टीव्हीच्या २५ आणि ३० चित्रांच्या दोन्ही पद्धतींनी त्याला निःशेष भाग जातो. टीव्ही पुन्हा आडवा आलाच!

ही ओढाताण सुटली ती कर्नल लिहिणाऱ्या थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांच्या कामामुळे. २००६ मध्ये नॅनोसेकंदांत मोजणारे टायमर कर्नलमध्ये आले. २००७ पासून हार्डवेअरला ‘पुढचे काम अमुक क्षणी आहे, तेव्हाच उठव’ असे सांगता येऊ लागले, आणि रिकाम्या प्रोसेसरवरची ठोकाठोक थांबली. अर्थात नॅनोसेकंद हे मोजमापाचे एकक झाले. प्रत्यक्ष अचूकता स्फटिकावर आणि इंटरप्टला लागणाऱ्या विलंबावर अवलंबून राहते.

जुना ठोका मात्र पुरता गेलेला नाही. कर्नल आत कितीही टिका मोजो, पीसीवरचे लिनक्स प्रोसेसर-वापराचे आकडे प्रोग्रॅमांना आजही सेकंदाच्या शंभराव्या भागांतच देते. ते बदलले तर जुने प्रोग्रॅम चुकीचे हिशेब करतील.