द्रौपदीचा प्रश्न

दूरदर्शनवर ‘महाभारत’ मालिका 2 ऑक्टोबर 1988 रोजीं सुरू झाली व 24 जून 1990 रोजीं संपली. रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत आणि एकेका संचापुढें सारी आळी जमे, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. तींतील द्यूतसभा आठवून पाहा असें म्हटलें, तर बहुतेक जण न संपणारें वस्त्र आणि धांवून आलेला श्रीकृष्ण सांगतात. द्रौपदीनें सभेस काय विचारलें, हें मात्र क्वचितच कोणास आठवतें.

हा विसर आम्हांस चिंत्य वाटतो. कारण सभापर्वांत त्या प्रसंगाचा कणा तो प्रश्नच होय. प्रातिकामी बोलावण्यास येतो, तेव्हां द्रौपदी त्यास उलट विचारावयास धाडते : धर्मराजानें आधीं कोणास पणास लाविलें, स्वतःस कीं मला? जो स्वतःसच हरला, त्याची दुसऱ्यावर सत्ता उरते काय? भीष्मांना निर्णय देववत नाहीं; धृतराष्ट्रपुत्रांपैकीं एकटा विकर्ण तिची बाजू घेतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें 1944 सालीं सिद्ध केलेल्या सभापर्वाच्या चिकित्सक आवृत्तींत श्रीकृष्णाचा धांवा मुख्य पाठांतून वगळला आहे. वस्त्राचा चमत्कार तेथें आहे. पण वर मागून पतींना दास्यांतून सोडविते ती द्रौपदीच.

लोकप्रिय नाट्यास स्त्रीचे अश्रू लवकर साधतात; तिचा प्रश्न प्रेक्षकांस अडचणींत टाकतो. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ 1919 सालीं रंगभूमीवर आलें. बालगंधर्वांच्या सिंधूनें पिढ्यान् पिढ्या रडविल्या. मद्यपी पतीच्या मारानें ती मरते आणि मरतांनाही त्यालाच पाठीशीं घालते. आपण दोष दारूस दिला, तिच्या मौनास पातिव्रत्य म्हटलें, आणि डोळे पुसून घरीं आलों.

पुढें 1983 सालीं दंडविधानांत सासरच्या छळाविरुद्ध कलम आलें. 2005 सालीं कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा झाला. परंतु कायद्याचें दार ठोठावण्यापूर्वीं स्त्रीला बोलावें लागतें, आणि घरच्यांना ऐकावें लागतें. मालिकेंतील चपराक तीन वेळां दाखवून तिचें उत्तर संगीतांत बुडविलें जातें, तेव्हां दिवाणखान्यांतील मुलें नेमकें उलटें शिकतात.

गृहस्थांस आमची विनंति एवढीच कीं, असा प्रसंग आला म्हणजे संच बंद करूं नये. त्या स्त्रीनें काय विचारलें आणि कोण कोण गप्प बसलें, हें मुलांस विचारावें.