मोळीपूजनाच्या आधीची माणसे

साखर कारखान्यांचा इतिहास लिहायचा म्हटले की आपण संस्थापकांपासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. १९३९ मध्ये कृष्णाकाठी उगार खुर्दला कारखाना निघाला. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. ही नावे आपल्याला पाठ आहेत. पण उभे राहिलेले कारखाने दरवर्षी पुन्हा चालते कोणी केले, हे कोणत्याही स्मरणिकेत मी वाचलेले नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, सीमाभागातल्या एका कारखान्यात ठेक्यावर फिटर होते. गाळप संपून पट्टा पडला की त्यांचा हंगाम सुरू होई. चेन ब्लॉकने मिलचे जड रोलर उचलायचे, झिजलेल्या दात्यांवर वेल्डिंग करायचे. शाफ्टला निळा रंग लावून तो पितळी बेअरिंगवर कोठे उमटतो ते पाहायचे आणि तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडायचा. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसलेले क्षार काढायचे, बॉयलर तपासणीस तयार ठेवायचा. गँगमध्ये निम्मे कन्नड बोलणारे. आबा घाणा म्हणत, शिवाप्पामामा गाण म्हणत. तापलेले बेअरिंग मात्र दोघांच्याही हाताला एकाच वेळी कळे.

१९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा आला. मूळ कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठेकेदारांना लागू होता. आबांच्या ठेकेदाराच्या वहीत कधी एकोणिसाच्या वर नावे चढली नाहीत. जास्त माणसे लागली की दुसऱ्या नावाने दुसरी वही निघे. बारमाही कामातला ठेका बंद करण्याचा अधिकार कायद्याने सरकारला दिला होता. पण दुरुस्ती बारमाही की तात्पुरती? जे काम दरवर्षी न चुकता येते, ते तात्पुरते कसे, असे आबा विचारीत. पुढे ३० ऑगस्ट २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की ठेका बंद झाला तरी कामगार आपोआप कायम होत नाही. तोवर आबांची नजर अधू झाली होती. मी निकाल वाचून दाखवला. ते एवढेच म्हणाले, "म्हणजे वही ठेकेदाराचीच."

दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होई, मग मोळीपूजन. गव्हाणीत मोळी टाकताना संचालकांचा फोटो निघे. चाचणी नीट झाली की ठेक्याची माणसे आदल्या दिवशीच मोकळी केलेली असत. आबांनी सव्वीस हंगाम काम केले. त्याचा एकही कागद घरात नाही. आहे तो मूठ झिजलेला स्क्रेपर.

आपल्या गावच्या कारखान्याची स्मरणिका निघेल, तेव्हा वाचकहो, फोटोत नसलेल्या चार माणसांची नावे संपादकांना कळवा. ती सांगू शकणारे अजून आपल्यात आहेत.