नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातील सायकल पर्यटन

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातील सायकल पर्यटन म्हणजे महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यात गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातून, द्राक्षबागा, वाइनरी, धरणे व पाणथळ जागा पाहत केला जाणारा सायकलप्रवास होय. हिवाळ्यातील सुट्ट्यांमध्ये मुंबई, पुणे, खानदेश आणि विदर्भातील बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या कुटुंबांना एक ते तीन दिवसांत असा प्रवास करता येतो. नदीकाठाने जाणारा सलग सायकलमार्ग मात्र येथे नाही. गावरस्ते, कालव्यालगतच्या वाटा आणि काही ठिकाणी राज्यमार्ग जोडूनच प्रवास आखावा लागतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. गंगापूर धरणातून पुढे ती नाशिक शहरात येते आणि निफाड तालुक्याच्या सपाट काळ्या जमिनीतून नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते. वाटेत तिला दारणा आणि नांदूर मध्यमेश्वरजवळ कादवा या नद्या मिळतात. द्राक्षशेती या संपूर्ण भागात आढळते, पण तिचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही. शहराच्या पश्चिमेस धरणाच्या जलाशयालगत पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या वाइनरी एकवटल्या आहेत. पूर्वेस निफाडकडे प्रामुख्याने खाण्याच्या व निर्यातीच्या द्राक्षांच्या बागा आहेत. ‘नदीकाठाने वाइनच्या प्रदेशातून’ अशा कल्पनेने येणाऱ्या प्रवाशाला म्हणूनच वाइन एका दिशेला आणि सपाट नदीकाठ दुसऱ्या दिशेला सापडतो. लहान मुले बरोबर असल्यास हा फरक महत्त्वाचा ठरतो.

युरोपात ही दोन्ही एकत्र मिळतात. जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीकाठचा सायकलमार्ग सुमारे ३२० कि.मी. लांब असून तो वाखाऊ या द्राक्षखोऱ्यातून जातो. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा भाग २००० साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. तेथे मोटारींपासून बव्हंशी वेगळी असलेली वाट आणि नदीला समांतर जाणारी सार्वजनिक वाहतूक यांमुळे मुले थकली तरी प्रवास अडत नाही. नाशिकमध्ये यांपैकी दुसरी सोय काही अंशी रेल्वेमुळे मिळते, पहिली मिळत नाही.

द्राक्षे आणि वाइन

नाशिक परिसरातील आधुनिक द्राक्षलागवडीचा आरंभ १९२५ च्या सुमारास ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केला, असे मानले जाते. वाइन उद्योग त्यामानाने अलीकडचा आहे. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात सुला व्हिनयार्ड्सची स्थापना केली आणि २००५ मध्ये तेथे टेस्टिंग रूम सुरू झाली. राज्य शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने या व्यवसायाला चालना दिली. निफाड तालुक्यातील विंचूर येथे वाइन पार्क उभारण्यात आले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशन मिळालेले आहे.

वाइनसाठी शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यॉ ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यॉ आदी वाणे लावली जातात. खाण्यासाठी थॉमसन सीडलेस व तिच्यापासून निवडलेली वाणे प्रचलित आहेत. उत्तर गोलार्धातील थंड देशांत द्राक्षाची काढणी शरद ऋतूत होते, तर नाशिकमध्ये ती हिवाळ्याच्या उत्तरार्धात येते. कारण येथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, जिला बागायतदार गोडी छाटणी म्हणतात. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात चालते, आणि सायकलप्रवासासाठीही हाच काळ सर्वांत अनुकूल असतो.

पश्चिम टप्पा: नाशिक ते गंगापूर धरण

शहरातून गंगापूर रस्त्याने आनंदवल्ली, सोमेश्वर मंदिर व जवळचा धबधबा, गंगापूर गाव आणि गोवर्धन असा हा मार्ग जातो. अंतर एका बाजूने सुमारे १५ कि.मी. असले तरी रस्ता चढउताराचा आहे. शनिवार-रविवारी वाइनरींकडे जाणाऱ्या मोटारींची गर्दी असते. १९६५ मध्ये पूर्ण झालेले गंगापूर हे मातीचे धरण नाशिक शहराच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य आधार आहे. त्याच खोऱ्याचे पाणी शेतीला आणि पुढे जायकवाडी प्रकल्पालाही द्यावे लागते. टंचाईच्या वर्षी त्यावरून नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात वाद होतात. जलाशयाच्या काठावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे.

इगतपुरी तालुक्यातील संजेगाव आणि दिंडोरी तालुका येथेही वाइनरी आहेत. मात्र तेथे जाणारे रस्ते सवयीच्या सायकलस्वारांसाठी अधिक योग्य आहेत.

पूर्व टप्पा: नाशिक ते नांदूर मध्यमेश्वर

कुटुंबासाठी हा टप्पा अधिक सोयीचा आहे. ओढा, चांदोरी, सायखेडा व पुढे चापडगाव असा सुमारे ४० कि.मी.चा मार्ग जवळजवळ सपाट आहे. चांदोरीपर्यंतचा नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्ता जड वाहनांचा असल्याने मुलांसह तो भाग टाळणे इष्ट. खेरवाडी किंवा निफाड स्थानकापर्यंत रेल्वेने येऊन तेथून गावरस्त्याने निघता येते. चांदोरी आणि सायखेडा ही समोरासमोरच्या तीरांवरील गावे गोदावरीच्या पुराचा मार वारंवार सोसतात. त्यामुळे पावसाळ्यात हा मार्ग घेऊ नये.

गोदावरी-कादवा संगमाजवळ १९०७ ते १९११ या काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ प्रदेश तयार झाला. १९८६ मध्ये तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरला. चापडगाव येथे निरीक्षण मनोरे आहेत. हिवाळ्यात चक्रवाक, चमचे, क्रौंच व नाना प्रकारची बदके येथे दिसतात. शहराखालच्या नदीपात्रात सांडपाणी आणि पाणवेलींचा प्रश्न गंभीर असून गोदावरीच्या प्रदूषणाबाबत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झालेली आहे. नदीकाठी थांबताना मुलांना पाण्यात उतरवू नये, हे त्यामुळे सांगावे लागते.

सुरक्षितता

डिसेंबर-जानेवारीत निफाडचे किमान तापमान राज्यात सर्वांत कमी तापमानांच्या नोंदींमध्ये असते. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात त्याची नोंद होते. कडाक्याच्या रात्री द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागांत शेकोट्या पेटवतात. पहाटे धुके व दव असल्याने सूर्य वर आल्यावरच निघणे योग्य. दव पडल्यावर भुरी व केवडा या रोगांसाठी ट्रॅक्टरवरील ब्लोअरने औषधफवारणी केली जाते. बागेलगत फवारणी सुरू असल्यास वाऱ्याच्या वरच्या बाजूस थांबावे. रस्त्याकडेच्या बागेतील घड तोडून खाणे हे केवळ अशिष्ट नव्हे, अपायकारकही आहे, कारण फवारणी व काढणी यांमध्ये विशिष्ट दिवसांचे अंतर राखणे आवश्यक असते. द्राक्षे बागायतदाराकडून विकत घ्यावीत.

सर्वांत मोठा धोका मात्र सूर्यास्तानंतरचा आहे. गोदाकाठच्या उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असतो आणि उसाच्या ट्रॉल्यांना अनेकदा मागील दिवे नसतात. या कारणांसाठी दिवसाचा प्रवास दुपारीच संपवणे हाच येथील व्यवहार्य नियम होय.

महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. २६ जानेवारीसारख्या कोरड्या दिवशी वाइनची विक्री बंद असते, त्यामुळे प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत येणाऱ्यांची निराशा होते. मोटार वाहन कायद्यातील मद्यपी चालकाविषयीचे कलम १८५ मोटार वाहनांपुरते आहे, त्यात सायकल येत नाही. याचा अर्थ वाइन पिऊन सायकल चालवावी असा नाही. गंगापूर रस्त्यावर मुलांमागून येणाऱ्या मोटारीचा अंदाज घेण्याचे काम पालकांनाच करायचे असते. वाइनरीला भेट दिवसाच्या शेवटी ठेवून मुक्काम जवळच करणे सोयीचे.

शहरातील सायकल परंपरा

नाशिकमध्ये सायकलस्वारांचा मोठा समुदाय आहे. आषाढी एकादशीपूर्वी नाशिक-पंढरपूर सायकलवारी निघते. येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली.

बुलढाणा जिल्ह्यातून प्रवास

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही स्थानके मुंबई-हावडा मार्गावर असल्याने तेथून नाशिक रोडला थेट गाड्या मिळतात. सायकली पार्सल कार्यालयात सामान म्हणून नोंदवाव्या लागतात. गाडी अल्प वेळ थांबणाऱ्या स्थानकांवर त्या चढवणे-उतरवणे कठीण जाते. मेहकर, सिंदखेड राजा भागातील कुटुंबांना समृद्धी महामार्ग जवळचा आहे. त्यावर सायकल व दुचाकींना मनाई असल्याने सायकली मोटारीवर लादून सिन्नर-घोटी पट्ट्यापर्यंत आणाव्या लागतात.

बुलढाणा जिल्ह्यात वाइन उद्योग नाही, कापूस व सोयाबीन ही तेथील मुख्य पिके. तरीही नाशिकच्या गोदेशी या जिल्ह्याचे जलनाते आहे. अजिंठ्याच्या रांगेत बुलढाण्यात उगम पावणारी पैनगंगा वर्धा व प्राणहिता या नद्यांतून अखेर गोदावरीलाच मिळते. नांदूर मध्यमेश्वरनंतर राज्यातील दुसरे रामसर स्थळ ठरलेले लोणार सरोवरही याच जिल्ह्यात आहे.