लिस (भूनिरीक्षण कॅमेरे)

भारतीय सुदूर संवेदन उपग्रहांवरून जमिनीची बहुवर्णी चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यांची मालिका. ‘लिनिअर इमेजिंग सेल्फ स्कॅनिंग सेन्सर’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘लिस’. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात हे कॅमेरे विकसित झाले. त्याआधीच्या भास्कर-१ (१९७९) या उपग्रहावरील दूरचित्रवाणी कॅमेऱ्याचे विभेदन (वेगळा ओळखता येणारा लहानात लहान तपशील) सुमारे १ किमी. होते. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सोडलेल्या आयआरएस-१ए वरील लिस-१ चे विभेदन ७२.५ मी., तर लिस-२ चे ३६.२५ मी. होते. नऊ वर्षांतली ही प्रगती असामान्यच म्हटली पाहिजे.

सुरुवातीच्या लँडसॅट उपग्रहांवरील यंत्रात डोलणारा आरसा जमीन आडवी न्याहाळत असे. लिसमध्ये तसा आरसा नाही. भिंगामागे प्रकाशसंवेदी घटकांची सरळ रांग असते. लिस-१ मध्ये प्रत्येक वर्णपट्ट्यासाठी असे २,०४८ घटक होते. ही रांग जमिनीची एक आडवी ओळ एकदम टिपते आणि उपग्रह पुढे सरकेल तशी ओळीला ओळ जोडली जाऊन चित्र तयार होते. प्रत्येक जागेचा प्रकाश गोळा करायला त्यामुळे जास्त वेळ मिळतो.

वर्णपट्ट्यांची निवड हा या कॅमेऱ्यांचा गाभा आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परावर्तित करते. या दोहोंतील फरकावरून पिकाचा जोम कळतो. निकट-अवरक्त किरण लाल रंगात दाखवणाऱ्या आभासी रंगांच्या चित्रांत जोमदार पीक लालभडक दिसते ते यामुळेच. आयआरएस-१सी (१९९५) वरील लिस-३ मध्ये, वातावरणात सर्वाधिक विखुरणारा निळा पट्टा वगळून लघुतरंग-अवरक्त पट्टा घेण्यात आला. त्यात पानांतील पाण्याचा अंश उमगतो. शिवाय नेहमीच्या चित्रात सारखेच पांढरे दिसणारे बर्फ व ढग यात वेगळे ओळखता येतात, कारण बर्फ काळपट दिसते. हिमालयाच्या अभ्यासात याचे मोल फार आहे.

बारकावा वाढवला की एका फेरीत टिपली जाणारी जमीन अरुंद होते. रिसोर्ससॅट-१ (२००३) वर यासाठी तीन कॅमेरे एकत्र बसवले : ५.८ मी. विभेदनाचा व बाजूला वळवता येणारा लिस-४, २३.५ मी. विभेदनाचा, १४० किमी. रुंद पट्टा टिपणारा लिस-३ आणि ५६ मी. विभेदनाचा, ७४० किमी. रुंदीचा एविफ्स. तालुक्याचे बारकावे आणि अनेक राज्यांचा पीकपेरा एकाच उपग्रहावरून पाहण्याची ही योजना मालिकेतील सर्वांत विचारपूर्वक टाकलेले पाऊल होय. रिसोर्ससॅट-२ (२०११) व २ए (२०१६) यांवर तीच कायम ठेवली आहे. देशाच्या वनाच्छादनाचे मोजमाप प्रामुख्याने लिस-३ च्या चित्रांवरून होत आले आहे.

लिसला ढगांआडचे दिसत नाही. महाराष्ट्रात रब्बीची ज्वारी, गहू स्वच्छ आकाशाखाली टिपता येतात. खरीप मात्र नेमका पावसाळ्यात वाढतो. ती उणीव भरून काढण्यासाठी ढगांच्या पार जाणाऱ्या सूक्ष्मतरंगांचे रडार वापरावे लागते. २०१२ मध्ये सोडलेल्या रिसॅट-१ वर ते होते.