कर्ता, करविता आणि कोतवाल

भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाची वर्दळ चालू असता भर दुपारी भाडोत्री गारदी शिपाई शनिवारवाड्यात घुसले आणि थकलेल्या पगाराचे निमित्त पुढे करून त्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा वध केला, ही हकीकत मराठी माणसास इतक्या वेळा आणि इतक्या करुण रीतीने सांगण्यात आली आहे, की त्या प्रसंगाकडे दंडनीतीतील एक कूट प्रश्न म्हणून पाहण्याची सवड फारशी कोणी घेतलेली नाही. चुलत्याच्या पायांस मिठी मारलेला पुतण्या, त्याच्यावर आडवा पडून प्राण देणारा चापाजी टिळेकर, तलवार चालविणारा सुमेरसिंग, पाय ओढणारा तुळाजी पवार, ही सारी पात्रे डोळ्यांपुढे उभी राहतात आणि विचार तेथेच थांबतो. परंतु ज्यांचे हात रक्ताने माखले होते त्यांचा दोष ठरविण्यास न्यायाधीशाची गरजच नव्हती. गरज होती ती वाड्यातच नजरकैदेत असलेल्या, ज्याच्या हाती त्या क्षणी शस्त्र नव्हते, अशा चुलत्या रघुनाथरावाचा वाटा किती हे ठरविण्यासाठी.

हे काम न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी हाती घेतले. न्यायाधीशाने आपण होऊन, तेही ज्याच्या हाती आता राज्याची सूत्रे गेली त्याच्याच विरुद्ध, तपास चालवावा, ही गोष्ट अठराव्या शतकात जगाच्या कोणत्याही दरबारात दुर्मिळच म्हणावी लागेल. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ग्रँट डफने नोंदविल्याप्रमाणे रघुनाथरावाचे म्हणणे असे होते, की पुतण्यास धरण्याचा हुकूम मी दिला, मारण्याचा दिला नाही; आणि लोकपरंपरेने या म्हणण्यास त्याची पत्नी आनंदीबाई हिने कागदातील एक अक्षर फिरविल्याची जोड दिली. तो कागद आज कोणासमोर नाही, आणि बाईवर सारा भार लोटून पुरुषास मोकळे करण्याची ही रीत मला तरी संशयास्पद वाटते. पण क्षणभर धरून चालू की रघुनाथरावाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मग तो निर्दोष ठरतो काय?

शास्त्र्यांपुढे या प्रश्नाची साधने तयार होती. याज्ञवल्क्यस्मृती, तीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि पश्चिम भारतात विशेष मान्यता पावलेला नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख हे ग्रंथ व्यवहाराचे, म्हणजे खटल्याचे, चार पाद सांगतात: वादीची भाषा, प्रतिवादीचे उत्तर, क्रिया म्हणजे प्रमाण, आणि निर्णय. यांपैकी उत्तराचे विवेचन जितके सूक्ष्म आहे तितके आजच्या वकिलासही चकित करील. आरोप कबूल करणे ही संप्रतिपत्ती. तो साफ नाकारणे हे मिथ्या. हीच बाब पूर्वी निकालात निघाली आहे असे सांगणे हा प्राङ्न्याय. आणि कृत्य माझेच, पण ते दोषास पात्र ठरू नये असे कारण मजजवळ आहे, असे सांगणे हे प्रत्यवस्कंदन. मिथ्या उत्तर दिले तर शाबितीचा भार वादीवर. प्रत्यवस्कंदन केले तर तो प्रतिवादीवर. पुढे इंग्रजी अमदानीत दंडसंहितेने जे सर्वसाधारण अपवाद सांगितले आणि ते सिद्ध करण्याचा भार पुराव्याच्या कायद्याने आरोपीवर टाकला, त्या व्यवस्थेशी या विभागणीचे साम्य उघड आहे. शस्त्र उगारून अंगावर येणाऱ्या आततायीस, मग तो गुरू का असेना, ठार मारणाऱ्यास दोष लागत नाही हे मनुस्मृतीचे मत म्हणजे अशाच एका कारणाचे उदाहरण होय.

रघुनाथरावाचे उत्तर या चारांपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही. धरण्यापुरती कबुली आणि मारण्यापुरता इन्कार असे ते मिश्र उत्तर आहे. आणि असली संकीर्ण उत्तरे एका दमात ग्राह्य धरू नयेत, कारण मग प्रमाण कोणी द्यावयाचे याचाच घोळ होतो, असे मिताक्षराकार बजावतो. शिवाय याज्ञवल्क्याने साहसाच्या प्रकरणात, म्हणजे बलपूर्वक केलेल्या अपराधांच्या प्रकरणात, करवित्याचा स्वतंत्र विचार केलेला आहे. जो दुसऱ्याकडून साहस करवितो त्यास दुप्पट दंड, आणि जो ‘पैसे मी देतो, तू कर’ असे म्हणून करवितो त्यास चौपट. कर्त्यापेक्षा करविता अधिक दोषी, हा विचार आपल्या परंपरेत इतका जुना आहे. थकलेल्या पगाराने पिसाळलेल्या भाडोत्री पलटणीला आशा दाखवून वाड्यात सोडणाऱ्या माणसाची गणना यांपैकी कोठे होईल, हे सांगावयास नकोच.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने अपप्रेरकास सर्वसाधारणपणे कर्त्याइतकीच शिक्षा सांगितली, दुप्पट नाही. पण प्रेरणा एका कृत्याची आणि घडले दुसरेच, या पेचास तिने १११ वे कलम वेगळे काढून वाहिले. त्या कलमाखालचा एक दाखला वाचताना शनिवारवाडा आठवल्यावाचून राहत नाही: एकजण दोघांना मध्यरात्री एका घरावर सशस्त्र दरोडा घालण्यास चिथावतो व त्याकरिता हत्यारे पुरवितो, घरातला एक माणूस प्रतिकार करतो, आणि ते दोघे त्यास ठार मारतात. खून हा त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल तर चिथावणाऱ्यास खुनाचीच शिक्षा, मग त्याने खुनाचा शब्द उच्चारलेला असो वा नसो. नंग्या तलवारी घेऊन पेशव्याला ‘धरावयास’ गेलेल्या गारद्यांच्या बाबतीत वध हा संभाव्य परिणाम नव्हता असे म्हणणारा न्यायाधीश मला तरी कल्पिता येत नाही. म्हणजे कागदातले अक्षर कोणी फिरविले असो वा नसो, रघुनाथरावाचे दायित्व त्यामुळे कमी होत नाही. दीडदोन शतके आपण ज्या अक्षरावर वाद घालीत आलो ते या खटल्यात जवळजवळ अप्रस्तुत आहे.

रामशास्त्र्यांचा निर्णय प्रसिद्धच आहे. या पापास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे त्यांनी तोंडावर सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. निर्णय झाला, अंमल झाला नाही. तो करावयाचा कोणी, ज्याच्याविरुद्ध निर्णय त्यानेच? पुढे बारभाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारभाऱ्यांनी रघुनाथरावास पदच्युत केले ते न्यायासनावरून नव्हे तर सैन्य उभे करून. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावाचा जन्म झाला, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेला, सुरतेचा तह झाला, युद्ध झाले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात या आरोपीचा निकाल लागला तो असा, की त्यास दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळावी. कोपरगावास त्याने देह ठेवला. १७९६ साली त्याचाच मुलगा दुसरा बाजीराव पेशवाईच्या मसनदीवर बसला.

नारायणरावाच्या वधानंतर अठरा वर्षांनी त्याच शहरात नेमका उलट प्रकार घडला. घाशीराम सावळदास हा कनोजी ब्राह्मण १७७७ पासून पुण्याची कोतवाली सांभाळीत होता, आणि कारभारी नाना फडणिसांची त्याच्यावर मर्जी होती. ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस, श्रावणातील दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी काहीजण भवानी पेठेतील घाशीरामाच्या बागेत शिरले. त्यांना चोर समजून कोतवालाच्या माणसांनी एका कोंदट भुयारात कोंडले, आणि त्यांपैकी बरेचजण गुदमरून मेले. बहुतेक वृत्तान्तांत मृतांचा आकडा २१ येतो. सरदार मानाजी फाकडे याने कुलूप तोडविले तेव्हा गोष्ट उघडकीस आली. पुढे काय झाले ते इंग्रज वकील मॅलेट यानेही लिहून ठेवले आहे: ब्राह्मणांचा जमाव न्यायाधीश अय्याशास्त्र्यांच्या दारी जमला, नाना टाळाटाळ करीत राहिले, दबाव अनावर झाला तसे त्यांनी कोतवालास जमावाच्या हवाली केले, आणि हत्तीवरून धिंड काढून घाशीरामास जमावाच्या दगडांनी ठेचून मारण्यात आले.

घाशीरामाबद्दल कळवळा यावा असे त्याच्या कारकिर्दीत फारसे काही नाही, हे मान्य. तरीही जे प्रश्न विचारले जावयास हवे होते त्यांपैकी एकही विचारला गेला नाही. कोंडण्याचा हुकूम त्याचा होता की त्याच्या शिपायांचा? इतकी माणसे इतक्या जागेत कोंडली आहेत हे त्यास ठाऊक होते काय? ठाऊक असल्यास ती मरतील हे त्याने जाणले होते, की केवळ बेपर्वाई केली? जाणूनबुजून केलेला वध, परिणामाची जाण असून केलेले कृत्य, आणि निष्काळजीपणा या तीन पायऱ्यांवर आजची शिक्षा फाशीपासून काही वर्षांच्या कैदेपर्यंत बदलते. त्या दिवशी पुण्यात एकच पायरी होती. शास्त्राप्रमाणे ब्राह्मणास देहान्त शासन नाही. तोही नियम, मरणारे ब्राह्मण आणि मारणारे ब्राह्मण असूनही, कोणास आडवा आला नाही. उत्तर हा व्यवहाराचा दुसरा पाद आहे असे सांगणाऱ्या ग्रंथांची शहरात वाण नव्हती.

या दोन्ही घटनांत राजधानी होती, न्यायाधीश होते. मुलखात फौजदारीची स्थिती कशी होती हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशावर १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात सापडते. वतनाच्या तंट्यात तकरीर म्हणजे पक्षकाराचे लेखी म्हणणे, जामीन, महजर म्हणजे निवाड्याचा दस्त, गोतसभा असा सारा पसारा असे. पण गुन्ह्याच्या चौकशीस ठराविक रीत नव्हती. नामांकित दरोडेखोर केवळ नामांकित म्हणून फासावर चढे. जेथे भिल्लांची लुटालूट चालू असेल तेथे सापडलेला भिल्ल, भिल्ल आहे एवढ्यावरच, लटकावला जाई. आणि संशय बळकट असला की आरोपीने कबूल व्हावे म्हणून त्यास फटके मारीत. जेत्याने जितांच्या कारभारावर लिहिलेला मजकूर थोडा हात राखूनच वाचावा लागतो, तरी हे वर्णन रचलेले वाटत नाही. १८२७ साली त्याच्याच गव्हर्नरकीत मुंबई इलाख्यासाठी जे कायदे छापले गेले, त्यात अपराध आणि त्यांच्या शिक्षा प्रथमच एका ठिकाणी क्रमवार मांडल्या गेल्या. मेकॉलेचा दंडसंहितेचा मसुदा त्यानंतर दहा वर्षांनी आला, आणि तो कायदा म्हणून अमलात यावयास १ जानेवारी १८६२ उजाडावा लागला. २०२४ च्या जुलैपासून त्याची जागा न्यायसंहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, दरोड्याचा तो दाखला राहिला.

फटके मारून घेतलेल्या कबुलीचे मात्र वेगळेच झाले. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, हा नियम १८६१ च्या फौजदारी कार्यविधीत आला आणि तेथून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात २५ वे कलम होऊन बसला. त्याचे श्रेय पेशवाईतील अनाचार पाहून खिन्न झालेल्या इंग्रजांस देण्याची रीत आहे. वस्तुतः १८५४ साली मद्रास इलाख्यात नेमलेल्या चौकशी मंडळाने कंपनीचेच नोकर सारावसुलीसाठी व कबुलीसाठी रयतेचा कसा छळ करतात हे उघडे पाडले होते, आणि आपल्याच पोलिसांवरील अविश्वासातून हे कलम जन्मले. घाशीरामाचा खटला या कायद्याखाली चालता तर त्याच्या हाताखालच्या शिपायांना दिलेल्या बंदिवानांच्या कबुल्या, असल्याच तर, बाद झाल्या असत्या. पण आत कोंडलेले लोक चोर होते, असे जे त्याने स्वतः नानांपुढे सांगितल्याचे वृत्तान्त म्हणतात, ते कोर्टात वाचले गेले असते. नाना फडणीस काही पोलीस अंमलदार नव्हते.