उडालेलं गॅस्केट आणि जुन्या जीपची आठवण

मारेगावातून वणीच्या बाजाराला कापूस भरून निघालेल्या पिकअपचं पाणी उकळलं, सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटला, की निदान ठरलेलं: हेड गॅस्केट उडालं. पाठोपाठ येणारी तक्रारही ठरलेली. जुन्या जीपला असं होत नव्हतं, आताचा मालच हलका. निदान बहुधा बरोबर निघतं. तक्रार मात्र इतिहासापुढे टिकत नाही.

ती जुनी जीप म्हणजे महिंद्राची विलीज. तिच्या पेट्रोल इंजिनात मिश्रण जेमतेम सातेक पट दाबलं जाई. हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे, त्यामुळे तापले की सारखेच फुगत. मधलं तांबं-अ‍ॅस्बेस्टॉसचं जाड गॅस्केट पृष्ठभागावरचे ओरखडे पोटात घालत असे. मिस्त्रीने शेलॅक लावून बोल्ट अंदाजाने आवळले तरी चालून जाई. मग १९७९ मध्ये महिंद्राने डिझेल इंजिनासाठी फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला, १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, २००० मध्ये बोलेरो. डिझेलात हवा वीसेक पट दाबावी लागते, त्यावर टर्बोचा भार. शिवाय अनेक इंजिनांत बिडाच्या ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचं हेड बसलं, आणि अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. गाडी तापली-निवली की हेड गॅस्केटवर घासतं. हे सोसायला पोलादी पत्र्यांच्या थरांचं गॅस्केट आलं. ते जुन्यापेक्षा कितीतरी मजबूत आहे, पण वाकडा पृष्ठभाग ते खपवून घेत नाही.

मजबूत आहे तर उडतं का, असं कुणी विचारेल. कारण आधी पाणी हरतं. धुळीने बुजलेला रेडिएटर, काढून टाकलेला थर्मोस्टॅट, कुलंटऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी आणि वर विदर्भातला मे महिना! हेड वाकतं, मग गॅस्केट जातं. जुने मिस्त्री अंदाजावर इंजिन बांधत, हे कौशल्य खरंच होतं. पण त्या अंदाजाला अ‍ॅस्बेस्टॉसने सांभाळून घेतलं, आणि सुरीने जुनं गॅस्केट खरवडताना उडणारी धूळ त्यांच्याच फुप्फुसात गेली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबाबत आदेश दिले, ते कारखान्यांना उद्देशून होते. रस्त्याकडेच्या गॅरेजकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तो काळ परत यावा असं म्हणण्यात काहीच अर्थ नाही.

म्हणून पिकअपवाल्यांना एवढंच सांगणं आहे: नवं गॅस्केट बसवण्याआधी हेडवर सरळ पट्टी ठेवायला लावा. पट्टीखालून फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) मापाबाहेरची पाती सरकली, तर हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवा. आणि पाणी का तापलं ते सापडल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका.