फोडणीचा भात ते तळणीचं तेल: काटकसरीच्या कोणत्या सवयी फायद्याच्या, कोणत्या धोक्याच्या?

कोथिंबिरीचे देठ आमटीत, दोडक्याच्या शिरांची चटणी, रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा. मराठी घरांमध्ये या गोष्टी कुणी मुद्दाम शिकवत नाही, त्या बघून बघूनच अंगवळणी पडतात. पण रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात आणि तिसऱ्यांदा कढईत ओतलेलं तेल यांच्यामागेही 'वाया घालवायचं नाही' हाच नियम असतो. या सगळ्या सवयी सारख्याच फायद्याच्या आहेत का?

घरात किती अन्न वाया जातं?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं साधारण ६० टक्के घरांमधलं होतं. भारतीय घरांसाठी या अहवालातला अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोंचा आहे. म्हणजे काटकसरीला घरात अजून भरपूर वाव आहे.

गॅस नेमका कुठे वाचतो?

पाण्याला एकदा उकळी आली की आच कितीही वाढवली तरी ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. जास्तीच्या गॅसमुळे फक्त वाफ वाढते, पदार्थ लवकर शिजत नाही. म्हणून उकळी आल्यावर आच कमी करून झाकण ठेवणं ही खरी बचत.

कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, त्यामुळे वेळ आणि गॅस दोन्ही वाचतात. एकाच कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे लावले तर फायदा आणखी वाढतो. कडधान्यं आधी भिजवली की ती लवकर शिजतात. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसत असेल, तर गॅस नीट जळत नाही आणि बर्नर साफ करायला हवा.

काय टाकू नये?

लाल भोपळ्याच्या आणि दुधीच्या साली स्वच्छ धुऊन, परतून चटणीत वापरता येतात. कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग किसून थालिपिठात घालता येतो. घरी पनीर केल्यावर उरणाऱ्या पाण्यात कणीक मळता येते. साय साठवून विरजली की लोणी, तूप आणि ताक अशा तीन गोष्टी मिळतात.

उरलेला भात 'चांगला गरम केला' की पुरे का?

नाही, सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. तांदळात 'बॅसिलस सेरेयस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवतानाही टिकून राहतात. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात. त्यांनी तयार केलेलं एक विष उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे सकाळच्या फोडणीनेही ते जात नाही. असा भात खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या होऊ शकतात. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, पण लहान मुलं आणि वृद्धांच्या शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होण्याचा धोका असतो.

यावर उपाय सोपा आहे. उरलेला भात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढून वाफ येईपर्यंत गरम करावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र टाकलेलाच बरा.

तळणीचं तेल किती वेळा वापरावं?

तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात 'पोलर कंपाउंड्स' म्हणजे तेलाच्या विघटनातून तयार होणारे घटक वाढतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) या घटकांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे गेलेलं तेल वापरायला हॉटेलं आणि फरसाणवाल्यांना मनाई आहे.

घरात हे मोजायचं साधन नसतं. त्यामुळे तळून उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवावं, त्यात पुन्हा तळू नये. तेल काळपट झालं असेल, चिकट लागत असेल किंवा तापवताना फेस येत असेल तर ते वापरू नये. ते सिंकमध्येही ओतू नये, कारण पाइप तुंबतो. मुळात तळताना लहान, खोल कढई घेतली तर तेल कमी लागतं आणि उरतंही कमी.

बुरशी काढून बाकीचं खाल्लं तर?

पावाच्या एका कोपऱ्यावर बुरशी दिसते, तेव्हा तिचे न दिसणारे तंतू आतपर्यंत गेलेले असू शकतात. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि भाजूनही ते पूर्ण जात नाही. बटाट्याचा हिरवा भाग आणि कोंब खोलवर कापून टाकावेत. बटाटा बराचसा हिरवा किंवा चवीला कडू असेल तर तो पूर्णच टाकावा.

मग ठरवायचं कसं?

साल, देठ, साय, गॅस आणि पाणी वाचवण्यात नुकसान काहीच नाही. पण शिजवलेलं अन्न किती वेळ बाहेर होतं आणि तेल किती वेळा तापलं, हे विचारल्याशिवाय ते पुन्हा वापरू नये. वाटीभर भात वाचवून डॉक्टरची फी भरावी लागली, तर त्या काटकसरीला अर्थ उरत नाही. सगळ्यात स्वस्त उपाय मात्र जुनाच आहे: घरात आज किती जण जेवणार हे विचारून मगच तांदूळ मोजायचे.